मामांचा पिवळा क्रेट

मुलगी बघायला कासारवाडीला गेलो, तेव्हा चहाच्या आधी प्रार्थना झाली आणि तिथेच मी माती खाल्ली. दोन्ही घराणी मूळची नगरकडची, पण ते कॅथलिक आणि आम्ही प्रॉटेस्टंट. प्रभूची प्रार्थना काय, सगळीकडे सारखीच, अशा समजुतीने मी खणखणीत आवाज लावला. सगळे 'आमेन' म्हणून थांबले आणि मी एकटाच गौरवाची शेवटची ओळ म्हणत पुढे निघालो. आमच्याकडे ती असते. त्यांच्याकडे प्रार्थना त्याआधीच संपते. मुलीचे वडील म्हणाले, "गाडी स्टेशन सोडून पुढं गेली राव! असू द्या, ब्रेक लागले ते बरं."

हेच पुढे माझे सासरे, म्हणजे मामा. गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत ते आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर होते. या माणसाला बसता येत नसे. रविवारी त्यांची मिस्सा आणि आमची उपासना आटोपली, की ते आमच्या थेरगावच्या फ्लॅटवर हजर. मग हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल, हातात चहाची बशी, आणि तोंडाने वाद. बायको त्यांच्या वाटेवर आधीच फडकं टाकून ठेवायची.

"तुम्ही म्हणता, फक्त बायबल," एकदा ते गॅलरीतून ओरडले. "मग बायबलात कुठली पुस्तकं घ्यायची, त्याची यादी बायबलात कुठंय? दाखवा."

मी ताबडतोब पहिलं पान उघडून दाखवलं.

"ती अनुक्रमणिका, जावईबापू! छापखान्याची! यादी चर्चनं ठरवली. पार्टचं ड्रॉइंग आकाशातून पडत नाही, ड्रॉइंग ऑफिसातून येतं. आणि ते वाचायचं कसं, तेही ऑफिसच सांगतं. वर तुमच्या प्रतीतून सात पुस्तकं गायब. माझ्या टेबलावर असा पीस आला असता तर परत पाठवला असता."

आठवडाभर मी चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये उत्तर घोकलं. पुढच्या रविवारी म्हणालो, "मामा, इन्स्पेक्टरच चुकला तर? तेव्हा ड्रॉइंगच काढून बघावं लागतं ना?"

मामा चालायचे थांबले. मी बायकोकडे बघून डोळा मारला.

"काढा की," मामा म्हणाले. "पण तुम्ही ड्रॉइंग उचलून नवी कंपनीच टाकता! या थेरगावात तुमच्या वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्या किती, मोजा बरं."

मी मोजल्या नाहीत. आमची मंडळी नुकतीच फुटली होती आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची वाटणी अजून चालू होती.

केवळ विश्वासाने तारण होतं, हे माझं वाक्य तर त्यांना बसूच देत नसे. "नोकरी कृपेनं लागली, मान्य. आपली लायकी नव्हती, तेही मान्य. म्हणून 'साहेबावर विश्वास आहे' म्हणत घरी लोळलात तर चालेल? शिफ्टला कोण जाणार?" ते स्वतः जात. लकव्याने पडलेल्या एका जुन्या सहकाऱ्याची दाढी करायला दर शुक्रवारी. तो माणूस ना त्यांच्या जातीचा, ना धर्माचा. मी एकदा कौतुक केलं, तर म्हणाले, "गप बसा. साबण लावताना मी किती चिडतो, ते तुम्हाला माहीत नाही."

मग पोटातलं दुखणं निघालं आणि मामांना पलंगावर पडावं लागलं. मी एकटाच जवळ होतो, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"तुमच्याकडं मेल्यावर दोनच क्रेट. हिरवा म्हणजे ओके, लाल म्हणजे स्क्रॅप. कुठल्या वर्कशॉपमध्ये असं असतं? माझ्यासारखा पीस घ्या. देवाच्या कृपेनं स्क्रॅप नाही, पण कडा ओबडधोबड राहिल्यात. असा पीस पिवळ्या क्रेटमध्ये जातो. रिवर्क, म्हणजे पुन्हा घासून नीट करायचा! आम्ही त्यालाच शुद्धिस्थान म्हणतो. आणि रिवर्कचा पीस आपला आपण घासला जात नाही, दुसऱ्याचा हात लागतो." जरा थांबून म्हणाले, "मी गेल्यावर माझ्यासाठी प्रार्थना कराल का? मुलगी करेलच. तुमचं विचारतोय."

'हो' म्हणायला काय जात होतं? पण मी, प्रामाणिकपणाचा पुतळा, म्हणालो, "मामा, प्रभूनं क्रुसावर सगळं पूर्ण केलंय. गेलेल्या माणसासाठी मागायचं काही उरत नाही, असं आम्ही मानतो."

"खोटं बोलला नाहीत, बरं केलंत," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. चादरीखाली त्यांची पावलं मात्र हलत राहिली, कुठेतरी जायचं असल्यासारखी.

आठ दिवसांत मामा गेले.

मामांना जाऊन महिना झाला, तेव्हा त्यांच्यासाठीच्या मिस्सेला बायकोबरोबर गेलो. नुसतं आदराने बसायचं, असं ठरवून गेलो होतो. फादर मामांचं नाव घेऊन क्षणभर थांबले. त्या शांततेत मी छताचे पंखे मोजून पाहिले, आमच्या पाळकांचं प्रवचन आठवून पाहिलं, काही जमेना. शेवटी तोंडातून निघालंच, "प्रभू, मामांचं बघ." एवढंच. पण निघालं.

परतताना डांगे चौकात सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा बायकोला सांगून टाकलं. "मी प्रार्थना केली. आमच्या शिकवणीत बसत नाही. पोचली का, ठाऊक नाही. पण केली, एकदाच."

तिने मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "उद्याही करा. पप्पा काही एका दिवसात सुधारणाऱ्यातले नव्हते."