रिकामी वाटी

कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवरात्रात एकाच आठवड्यात तीन मुलं तापाने पडली. संध्याकाळच्या आरतीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या अंगात आलं आणि त्यांनी तळमजल्यावरच्या विधवा काकूंकडे बोट दाखवलं. "हिनेच केलंय!" साऱ्या बायका काकूंपासून लांब सरकल्या. मीही सरकले. ऑफिसात चार माणसांना शहाणपण शिकवणारी मी!

दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्या तापलेल्या लेकीसाठी वाटीभर शिरा आणून दिला. त्यांची पाठ वळताच मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यांना आरतीला यायची बंदी झाली, तेव्हाही मी आरतीला गेलेच.

मग मुलांचे रिपोर्ट आले. डेंग्यू. गच्चीवरच्या टाकीचं झाकण महिनाभर उघडं होतं. काकूंची माफी मागायला मात्र कोणी गेलं नाही.

मी गेले, पण वाटी परत द्यायला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, एवढं आईने शिकवलेलं. पण त्यात घालून नेणार काय होते? काकूंनी ती रिकामी वाटी हातात घेतली आणि विचारलं, "उतरला ना गं ताप? शिरा खाल्ला का पोरीने?"

"हो," मी म्हटलं, "सगळा संपवला."