डुकराच्या पलीकडं काय हाय?

बंदूक घ्यायला आलेल्या माणसाला चाचा आधी बंदूक दाखवतच नसत. चष्मा कपाळावर सरकवायचे, गिऱ्हाइकाला नीट न्याहाळायचे आणि विचारायचे, "डुक्कर कुटं हाय?"

गिऱ्हाईक आपल्या शेताचं नाव सांगायचं.

"बरं. आन् डुकराच्या पलीकडं काय हाय?"

इथे भलेभले गडबडायचे. आता तुम्हीच सांगा, डुक्कर मारायला निघालेल्या माणसाने डुकराच्या पलीकडे कधी बघितलेलं असतं का?

लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं बंदुकांचं दुकान आणि माझं शेती अवजारांचं, मध्ये एक भिंत. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. शिकारीचा जमाना कधीच संपला. पण मावळात भात पिकायला लागला की रानडुकरं कळपाने उतरतात, त्यामुळे बंदुकीचा परवाना आणि वनखात्याचा कागद घेऊन शेतकरी चाचांकडे यायचे. उरलेलं गिऱ्हाईक बंगलेवाल्यांचं.

असाच एक बंगलेवाला वलवणहून आला. म्हणाला, "सगळ्यात मोठ्या गोळीची रायफल दाखवा."

"मारायचंय काय?"

"तसं काही नाही. पण वेळ आली तर हत्ती आडवा झाला पाहिजे."

चाचा गंभीरपणे माझ्याकडे वळले. "भाऊ, वलवणला हत्ती कवा आला? मला कुणी बोललंच न्हाई!"

तो गृहस्थ लालबुंद होऊन निघून गेला. मी वैतागलो. "चाचा, तुम्ही दुकान चालवताय की बंद पाडताय?"

"आवं, ज्याला जेवढी लागती तेवढीच गोळी द्यावी. आन् ज्याला लागतच न्हाई, त्याला तुमच्याकडं धाडतो की!"

हे मात्र खरं. ज्याचं काम कुंपणाला विजेचं झटका मशीन लावून भागण्यासारखं असे, त्याला ते हाताला धरून माझ्या दुकानात आणून बसवायचे. त्यांच्या बंदुका खपल्या नसतील तेवढी माझी झटका मशिनं त्यांनी खपवली. मला लाज वाटायची, पण नको म्हणण्याइतकी नाही.

त्यांच्या गल्ल्याशेजारी बशीत दोन झाडलेल्या गोळ्या असत. एक मऊ शिशाच्या तोंडाची, पुढून फुलून चपटी झालेली. दुसरी कडक टोकाची, जशीच्या तशी. "ही आत गेली, फुलली आन् तितंच थांबली," ते पहिलीवर बोट ठेवून सांगायचे. "ही दुसरी आरपार गेली, लय लांब मातीत घावली. मधी कुणी न्हवतं म्हणून बरं." इंटरनेटवर वाचून आलेली मंडळी गोळीचा वेग आणि ताकदीचे आकडे ऐकवायची. चाचा सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा पलीकडचंच विचारायचे.

एका वर्षी ही विचारपूस माझ्याच घरावर आली. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तिकोणा पेठ गावात भात करतो. आदल्या साली डुकरांनी निम्मं शिवार लोळवलेलं, आणि घराचा वर्षाचा तांदूळ त्याच तुकड्यातून यायचा. वडिलांची जुनी बारा बोअरची बंदूक होती, परवाना होता, पण आता गड्याला रायफलच पाहिजे होती. लांबून मारता येते ना! मी छाती पुढे काढून म्हणालो, "चाचा माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

चाचा म्हणाले, "शेत बघू."

मेहुणा बांधावर जिथे बसणार होता, तिथे ते या वयात चिखलात पालथे पडले आणि एक डोळा मिटून समोर बघत राहिले.

"डुक्कर तितं. पलीकडं?"

"धरण."

"आन् ते निळं-पिवळं?"

"ते तंबू हायेत, चाचा. पुण्याची लोकं येत्यात. शनवार-रविवारचंच असतंय."

"गोळीला वार कळत न्हाई, बाबा." चाचा कपडे झटकत उठले. "रायफलची गोळी डुकरातनं जाऊन पार पाण्यापत्तूर पोचंल. ती तुला न्हाई. बापाची बंदूक चांगली हाय. मोठ्या छऱ्याचं काडतूस घे. त्या आंब्यावर उंच मचाण बांध, तीस पावलांच्या आत येऊ दे आन् वरनं खाली मार. चुकली तर चिखलात जाईल."

मेहुणा भडकलाच. "भात माझं जातंय, तुमचं काय जातंय? म्हातारा घाबरट हाय! दाजी, हाच का तुमचा शब्द?"

घरी बायकोने दोन दिवस चहाचा कप माझ्यापुढे आपटून ठेवला. चाचांनी रायफल दिली नाही ती नाहीच. उलट स्कूटरवरून पुन्हा तिकोणा पेठेला गेले आणि त्याच्या शिव्या खात उभं राहून मचाण बांधून घेतलं.

मग एक दिवस सकाळी दुकानं नुकतीच उघडली होती, तेव्हा मेहुणा आला. पाय चिखलाने भरलेले. माझ्याकडे न बघता सरळ चाचांकडे गेला, म्हणून मीही मागोमाग गेलो.

"पहाटं आलतं," तो म्हणाला. "वरनं मारली. जाग्यावर बसलं."

"मग?"

"त्याच्या मागं घाणेरीची जाळी हाय ना, लांब? त्यातनं एक बाई उभी राहिली. तंबूतली. हातात पाण्याची बाटली."

"लागलं का तिला?" चाचांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"न्हाई. छरं समदं चिखलात. बोंब मारत पळाली बाटली टाकून."

मला हसू फुटलं. मेहुणा हसला नाही. "चाचा, मी बांधावरनं... ती रायफल..." एवढंच बोलला आणि खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

मी असतो तर वर्षभर ऐकवलं असतं, की बघ, सांगत होतो. चाचांनी त्याला उठवून खुर्चीवर बसवलं. चहा मागवला, त्याच्या हातात दिला. "पी गरम गरम," तेवढंच म्हणाले.

चाचा गेल्या हिवाळ्यात गेले. दुकान मुलींनी बंद केलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला त्यांची फार आठवण येते, अगदी भर दुपारीसुद्धा, धंद्याच्या गर्दीत.

मयतीला मेहुणा तिकोणा पेठेहून आला होता. जनाज्याला दर चार पावलांवर खांदा बदलतात, सगळ्यांना मान मिळावा म्हणून. हा पुढच्या दांड्याला लागला तो लागलाच. मागून कुणीतरी दोनदा म्हणालं, "भाऊ, सोडा आता, आमाला द्या." त्याने मानेनेच नाही म्हटलं आणि कबरस्तानापर्यंत चालत राहिला.