मळ्यातले दोन आजारी

दुसऱ्या लाटेत आमच्या घरात दोघांना कोरोना झाला. एक माझा नवरा, दुसरं आमच्या तांबड्या गायीचं वासरू. निदान सासूबाईंचा निकाल तसा होता, आणि त्यांच्या निकालावर आमच्या घरात अपील नसतं.

नवऱ्याची तपासणी झालेली होती. अंगात कणकण, तोंडाला चव नाही, म्हणून तालुक्याला गेला आणि तिथूनच फोन केला, "घरी येत नाही, मळ्यात जातो." तापीकाठी आमची केळी आहे, तिथं पाण्याच्या मोटारीची खोली आहे. त्यानं आत खाट टाकली, मी माठ भरून ठेवला. सकाळ-संध्याकाळ डबा बांधावर ठेवून मी मागं सरायचे, तो येऊन उचलायचा. मग डबा तसाच परत यायला लागला. भाकरी मोडलेलीसुद्धा नसायची. डॉक्टर म्हणत होते, ऑक्सिजन चांगला आहे, घाबरू नका. पण गावातली धडधाकट माणसं गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं आणि त्यानं हातपाय गाळले होते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी बांधावरून ओरडायचे, "अहो, दोन घास तरी खा!" भिंत ऐकायची. खरं सांगते, माझं धाबं दणाणलं होतं. हा माणूस तापानं नाही, नुसत्या भीतीनं जाईल असं मला वाटत होतं.

त्यातच वासराला हगवण लागली. चीक पिऊन नुकतं कुठं उड्या मारायला लागलेलं पोर ते. पिवळं पाणी जात होतं, डोळे खोल गेले होते, उभं राहिलं की मागचे पाय दुमडायचे. गुरांचा डॉक्टर आला, सुई दिली आणि हात धुता धुता सहज बोलून गेला, "विषाणूची हगवण दिसते. वासरांत रोटा असतो, कोरोना असतो..."

झालं! पुढचं कोणी ऐकलंच नाही. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. दुधाला आलेली शेजारीण तांब्या तिथंच टाकून पळाली. डॉक्टर बिचारा ओरडतोय, "अहो, वासरांचा वेगळा! जुना आहे तो!" पण तेव्हा वेगळा आणि जुना कोण ऐकतं? तासाभरात अख्ख्या गल्लीत बभ्रा. कोणी म्हणे वासरानं माणसाला दिला, कोणी म्हणे माणसानं वासराला. एक जण म्हणाला, नदीकाठी सोडून द्या. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तोड काढली सासूबाईंनीच. "दोन्हीसले एकच रोग शे," त्या म्हणाल्या, "मंग ऱ्हावू द्या दोन्हीसले एकच जागावर."

आता सांगा, हा कुठला न्याय! पण वासराला घरात कोणी हात लावेना, आणि गल्लीत ते सुरक्षित राहील याची मला खात्री नव्हती. गाडीत पोतं अंथरून मी त्याला मळ्यात नेलं, खोलीपुढच्या निंबाला बांधलं. एका बाटलीत गायीचं दूध, एकीत मीठ-साखरेचं पाणी. खिडकीतून नवऱ्याला सांगितलं, थोडं थोडं दिवसभर पाजायचं, नाहीतर जाईल ते. त्यानं मान वळवली नाही. मी रडतच घरी आले.

संध्याकाळी गेले, तर बाटल्या रिकाम्या. "सांडल्या का हो?" मी विचारलं.

"वरडी ऱ्हायनं ते," खोलीतून चिडका आवाज आला. "मी काय करू?"

कितीतरी दिवसांनी हा माणूस कुणावर तरी चिडला होता. माझ्या जिवात जीव आला.

घरी येऊन मी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला, तर त्यानं मला फैलावर घेतलं. "ताई, असं कोणी करतं का? विषाणूंचं घराणं एक असलं तरी भावकी वेगळी आहे. वासराचा तो आतड्यातला, गुरांत पिढ्यानपिढ्या आहे. माणसाचा हा नवा. तो गुरांना सहसा लागत नाही म्हणतात, पण आजारी माणसानं जनावरापासूनही लांबच राहायचं. सकाळी वासरू परत आणा." मग जरा नरमून म्हणाला, "आपल्याला साधी सर्दी होते ना, तिच्यातला एक विषाणू याच घराण्यातला आहे. फार पूर्वी तो गुरांतूनच माणसात आला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे."

फोन ठेवून मी ओट्यावर बसूनच राहिले. अगं बाई! माझ्या नाकातली सर्दी गायीच्या घरची? म्हणजे कधीकाळी कुणी बाई माझ्यासारखीच कासेशी बसली असेल, गाय फुरफुरली असेल, आणि तिच्या श्वासातलं काहीतरी हिच्या श्वासात आलं असेल. ती बाई आजारी पडली असेल, तिचं गावही पडलं असेल. कोण कोण गेलं असेल, देव जाणे. मग ते इथंच राहिलं, मवाळ झालं, आणि आज पोरांची नाकं वाहतात तर आपण आल्याचा काढा करतो. डोळ्यांना न दिसणारी ती वस्तू, तिनं गोठ्याची भिंत कधी मानलीच नाही. माणसं इकडे आणि ढोरं तिकडे, हे सगळं आमचंच. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते नवल. अंगावर काटा आला आणि हात आपोआप जोडले गेले, कुणाला ते आजही सांगता येणार नाही.

सकाळी वासरू आणायला गेले. हाक मारली, उत्तर नाही. निंबाखाली नुसतं दावं पडलेलं. खाट रिकामी. बांध ओलांडून धावले, तर ते दोघं केळीच्या सावलीत. नवरा पोत्यावर बसलेला, वासराला आपला आजार लागू नये म्हणून नाकातोंडाला रुमाल गच्च बांधलेला. शेजारी डबा, चाटून पुसून रिकामा. वासरू चारही पायांवर उभं होतं. लटपटत होतं, पण उभं होतं, आणि त्याची बोटं चोखत होतं. दोघांच्या फासळ्या हलताना दिसत होत्या. दोन जीव श्वास घेताहेत, एवढंच तर होतं, पण एवढं मोठं काही मी पाहिलेलं नव्हतं.

मी पुढं पाऊल टाकलं तसा तो ओरडला, "तठेच थांब! तुले काही व्हयनं ते आम्ही दोन्हीसनी काय करानं?"

मी जागच्या जागी थांबले. वासरू न्यायला आलेय, हे मी त्याला सांगितलंच नाही.