दोरा, डिंक आणि शेवटचा फर्मा

आत्याच्या हातून जाणारी पुस्तकं दोनच प्रकारची. एक दोऱ्याची, एक डिंकाची. पुस्तक आवडलं तर मेण लावलेला दोरा घेऊन फर्म्याला फर्मा असा शिवणार की पुस्तक म्हातारं होईल पण सुटणार नाही. नाही आवडलं तर पाठीला डिंक फासला, पुठ्ठा चिकटवला, जा बाबा! दोन महिन्यांत पानं हातात. फर्मा म्हणजे घडी घातलेला सोळा पानांचा गठ्ठा. जुनं पुस्तक उसवलं की असे गठ्ठे सुटे होतात, आणि आत्या शिवायच्या आधी त्यातला प्रत्येक गठ्ठा वाचते. प्रत्येक! कुणी हसलं की म्हणते, "न वाचता शिवायला मी काय उश्या शिवतेय?"

ती खरी आत्या फक्त लायब्ररीवाल्याची. पण त्याचं ऐकून ऐकून अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. लायब्ररीवाल्याच्या वडिलांच्या काळापासून तिथलं सगळं बाइंडिंग तीच करते. दुसरं काही काम तिला येत नाही आणि यावं असं तिला वाटतही नाही. घोळ एवढाच झाला की सभासदांना तिची खोड कळली. लोक कपाटातून पुस्तक काढायचे, मधोमध उघडून आत दोरा दिसतोय का बघायचे आणि नसला की परत ठेवून द्यायचे. लायब्ररीवाल्याचं अर्धं कपाट धूळ खात पडलं, बिचारा!

म्हणून त्या मंगळवारी तो तावातावानेच आला आणि एक धिप्पाड, पार खिळखिळं पुस्तक तिच्या टेबलावर आपटलं.

"आत्या, हे शनिवारी पाहिजे. दोऱ्यानेच."

"वाचते, मग बघू."

"बघू नाही! बावीस जण रांगेत आहेत. यावेळी एक जरी तक्रार आली ना, तर सगळी पुस्तकं मशीनवाल्याकडे. गंमत नाही करत मी."

मशीनवाला आला की आपलं काम गेलं, हे आत्याला कळलं. पण दाखवेल तर ती आत्या कसली! तिने चष्मा नाकावर ओढला आणि पुठ्ठ्यावरचं चित्र बघितलं. मनोरा, धुकं, हातात दिवा घेतलेली बाई.

"परत जादूटोणा? मागे ते सात भागांचं आणलं होतंस. चौथा भाग संपला तरी तो मेला घोड्यावरच बसतोय!"

"हे एकच आहे गं. यातच सुरू, यातच खलास."

"शेवटी 'पुढील भागात' वगैरे निघालं ना, तर तुझ्या टकलावर डिंक फासेन."

आठशे शहाण्णव पानं. छप्पन्न फर्मे. आत्याने पहिला हातात घेतला तो पुस्तकाविरुद्ध पुरावे गोळा करायला. पहिला पुरावा नकाशा. असल्या पुस्तकांत नकाशात चाळीस गावं असतात आणि गोष्ट जाते तिघांत, बाकीची नुसती शोभेला. इथे सातच गावं होती आणि आठव्या फर्म्यापर्यंत चार गावांत आत्या स्वतः जाऊन आली. हं. मग जादू. दिवेवाली बोटातून आग काढायची, पण दर वेळी एक माणूस विसरायची. शेजारीण विसरली. गुरू विसरला. आईचा चेहरा विसरली तेव्हा आत्याचा चहा गार झाला. फुकटची जादू तिला कधीच पटली नव्हती. टिचकी मारून डोंगर हलवायचा आणि मग जेवायला बसायचं, हे काय! इथे मात्र प्रत्येक ठिणगीला काळीज खर्ची पडत होतं. राक्षस म्हणावा तर त्याचंही म्हणणं थोडंफार बरोबरच होतं, त्याचा आत्याला जास्तच राग आला. आणि पान दहावर भावाने दिवेवालीला एक लाल बटण दिलं होतं. आत्या प्रत्येक फर्म्यात ते बटण शोधत होती. "एवढं बटण दाखवलंस ना, मग विसरू नकोस हं," ती लेखकाला दम देत होती. तो समोर नव्हता, तरी.

गुरुवारी दुपारी अठ्ठाविसावा फर्मा आला. दिवेवालीच्या पाठीत सुरा! ती पुलावरून खाली धुक्यात पडली आणि फर्मा संपला.

आता इथे एक सांगायला हवं. शेवट आधी बघणाऱ्या माणसांना आत्या माणसांत धरत नाही. त्यांचा म्होरक्या म्हणजे मोठ्या बाईंचा नवरा. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लायब्ररीवाला त्यांच्याच हाताखाली शिकला आणि अजून त्या आल्या की हात मागे बांधून उभा राहतो. त्या पुस्तक घरी नेतात, की नवरा झडप घालून शेवटचं पान वाचणार आणि जेवताना जाहीर करणार, "माळ्यानेच मारलं!" तीस वर्षं. गल्लीत त्याचं नावच शेवटकर पडलंय.

तर अशी ही कडक आत्या. तिने एकोणतिसावा फर्मा उचलला, ठेवला. उठली, पाणी प्यायली. परत बसली. आणि मग चोरासारखं दाराकडे बघून खालून छप्पन्नावा ओढला! फक्त ती जगते का तेवढंच बघते, म्हणाली स्वतःला, आणि सोळाच्या सोळा पानं वाचून काढली. दिवेवाली मनोऱ्याशी उभी, समोर भाऊ, ती त्याला कधीच विसरलेली. मग तो नुसता शर्ट पुढे करतो, एक बटण नसलेला. आणि तिच्या मुठीत... आत्या भोकाड पसरून रडली. पान आठशे नव्वद! आठशे ऐंशी पानं थांबलं होतं ते बटण!

त्या रडण्यात एक फर्मा ढिगाच्या मधे गेला आणि एक तळाला गेला. कोणता कुठे, ते तिच्या डोळ्यांतल्या पाण्याने बघितलंच नाही. मधले उरलेले फर्मे तिने शुक्रवारी अधाशासारखे वाचले आणि मग सगळं पुस्तक दुहेरी दोऱ्याने शिवलं. दुहेरी! हा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता.

शनिवारी पुस्तक लायब्ररीत गेलं आणि रांगेत पहिल्या असलेल्या मोठ्या बाईंनी ते घरी नेलं. पुढच्या रविवारी सकाळी कोपऱ्यावर शेवटकर भेटला, मनातले लाडू चेहऱ्यावर फुटलेले.

"आत्या, दिवेवाली मरते बरं का! सुरा, मग पुलावरून थेट खाली. खलास!"

"काहीतरीच! ती तर शेवटी—" आत्या बोलली आणि जागीच थिजली.

याने शेवटचं पान वाचलंय. शेवटच्या पानावर पूल आहे. म्हणजे अठ्ठाविसावा तळाला. म्हणजे बटण... बटण पुस्तकाच्या मधोमध!

ती चपला हातात घेऊन पळाली म्हटलं तरी चालेल. मोठ्या बाई घरी नव्हत्या. त्या लायब्ररीत होत्या. आत्या धापा टाकत दारात पोचली तेव्हा पुस्तक काउंटरवर होतं आणि लायब्ररीवाला हात मागे बांधून उभा.

"मला या बांधणीबद्दल बोलायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

लायब्ररीवाल्याने आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे.

"पन्नास वर्षं वाचतेय मी. अशी बांधणी आजवर बघितली नाही." थांबल्या. शाळेतही अशाच थांबायच्या म्हणे, मुलांना घाम फुटेपर्यंत. "कुठल्याही मशीनला हे जमायचं नाही. ऐकतोयस ना रे? की लिहून देऊ?"

"न-नको बाई. ऐकतोय."

"बुधवारी परत करीन. चला आत्या, मला पायरीपर्यंत सोडा."

पायरीवर आत्याने त्यांचे हातच धरले. "बाई, चुकलं हो माझं! गोष्टीचा सत्यानाश केला मी तुमच्या!"

"कसला सत्यानाश? चारशे बत्तीसनंतर आठशे एक्क्याऐंशी आलं. आकडे वाचता येतात मला. डोळे मिटून ती पानं उलटली, मागे जाऊन पूल वाचला, परत आले. बटण शेवटीच वाचलं." मग त्या एकदम शाळकरी पोरीसारख्या खुसखुसल्या. "पण ह्यांना कोण सांगणार? तीस वर्षांत पहिल्यांदा माझी गोष्ट माझ्याआधी कुणी संपवली नाही हो! कालही जेवताना म्हणाले, मरते ती. मी म्हटलं, अरेरे. आणि खाली मान घालून वरण ओरपलं."

"मग आज घेऊन जाते, नीट शिवून—"

"खबरदार! मंगळवारी ह्यांचा पत्त्यांचा अड्डा आहे. तिथे सगळ्यांना ठणकावून सांगू देत. त्यातले दोघं रांगेत आहेत ना पुढे?"

गुरुवारी आत्याने कोपरा चेपलाय असं सांगून पुस्तक परत आणलं, टाके उसवले आणि दोन्ही फर्मे आपापल्या जागी घातले. पूल पुलाच्या जागी, बटण बटणाच्या. मशीनवाल्याचं नाव लायब्ररीवाल्याने परत काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई स्वतः तिच्या दारात आल्या. पिशवीतून एक जाडजूड रहस्यकथा काढली.

"हे पण तसंच करून द्या."

आत्याने चष्मा नाकावर ओढला, पुस्तक हातात तोललं.

"आधी वाचते," ती म्हणाली. "आवडलं तरच चुकवीन."