विमानतळावरून आलेली ट्रंक

स्टेशनवर मी माझ्या मावसभावाची ट्रंक उघडायला लावली, ती कायद्यासाठी नव्हे. हे आधीच कबूल करतो, कारण पुढं बरीच वर्षं मी घरात कायद्याचंच नाव सांगत होतो.

निजामाच्या अमलात बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, लागायची. औरंगाबाद स्टेशनवर मी त्याच कामावर कारकून होतो. मावसभाऊ लहानपणी पोरका झाला, आमच्याच घरी वाढला आणि पुढं मुंबईच्या विमानतळावर नोकरीला लागला. सुट्टीत आला की आई स्वयंपाक अर्धा टाकून त्याच्यासमोर बसायची.

"मावशे, विलायतेची माणसं जाडजूड कोट घालून उतरतात अन् पायऱ्या संपेस्तोवर घामाघूम," तो सांगायचा. "अन् विमानाच्या पोटातनं काढलेली पेटी हाताला कशी लागती, म्हाईतंय? माठावाणी गार. भर उन्हात."

आई हसत ऐकायची. मी रोज कामावरून यायचो, पण आज काय झालं, असं तिनं मला कधी विचारलं नाही. माझ्याकडं सांगण्यासारखं तरी काय होतं? मनमाडहून आलेल्या एखाद्या गाठोड्यात तंबाखू सापडली, एवढंच.

ती गार पेटी मात्र माझ्या डोक्यात राहिली. तो तिथं बाबू आहे, असं आई गावभर सांगायची. बाबूला पेटी गार लागते हे कसं कळेल? मग एकदा आडावर तो अंघोळीला बसला असताना त्याच्या खांद्यावरचा घट्टा मला दिसला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढच्याच सुट्टीत आईनं त्याच्यासाठी गंगापूरची मुलगी पाहायचं ठरवलं. मुलीचे वडील स्वतः त्याला घ्यायला स्टेशनवर आले. एवढा मान माझ्या लग्नात मला कुणी दिला नव्हता.

घरच्या माणसाचं सामान आम्ही कारकून कधी उघडत नसू.

"ट्रंक इकडं आण," मी म्हणालो.

"दादा, थट्टा करतो व्हय?"

"सरकारी काम आहे. उघड."

वर आईसाठी घेतलेली शाल होती. ती बाजूला सारून मी तळाशी हात घातला आणि मला हवं ते सापडलं. खाकी डगला, खांद्यावर जाड पट्टी शिवलेला. मी तो सगळ्यांना दिसेल असा उचलून धरला. "बाबू लोक असलं घालतात का रे?"

मुलीच्या वडिलांनी त्याला विचारलं, "तुम्ही तिथं नेमकं करता काय?"

"पेट्या उतरवतो," तो म्हणाला. "मावशीला म्हाईत आहे. तुम्हांला आज सांगणारच होतो."

"हमालाच्या घरी पोरगी नाय द्यायची आपल्याला," असं म्हणून ते एकटेच फाटकाकडं गेले.

तो परतीच्या गाडीनं निघून गेला. घरी आईनं विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुला?" मी म्हणालो, "नियम आहे." तो येईनासा झाला, तरी ती त्याच्याबद्दलच बोलायची. मला तेव्हाही हेवाच वाटला.

संस्थान गेल्यावर मी मुंबईला गेलो. विमानतळाच्या कुंपणापाशी उभं राहून त्याला निरोप धाडला. तो घाम पुसत आला आणि काही न विचारता दोन चहा सांगितले. कप हातात धरून मी बोललो.

"तो डगला सापडणार हे मला ठाऊक होतं. नियम वगैरे काही नव्हतं. आई तुझ्यासमोर बसायची, ते मला बघवत नव्हतं. तुझं लग्न मी मोडलं. मला माफ कर."