नकाशावरची भामामावशी

आमच्या सासूला नाही म्हणता येत नाही. हा तिचा गुण म्हणायचा की दोष, ते ज्याच्या त्याच्या सोयीवर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यावर चिडत आले आणि त्यावरच आमचं घर चालत आलं.

ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांत धवलारीण गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. मांडव, हळद, पाठवणी, प्रत्येक वेळेचं गाणं ठरलेलं, आणि ते सगळं तिला तोंडपाठ. ती ओळ म्हणते, मी मागून उचलते. पनवेलपासून उरणपर्यंत तिला सगळे भामामावशी म्हणतात, मी आई म्हणते. तिच्या सासूने तिला गाणी शिकवली तेव्हा एकच अट घातली होती, की आलेलं बोलावणं परतवायचं नाही. बोलावणं गरिबाचं असो की बिल्डरचं, जायचं. एका दिवशी दोन मांडव आले तर एक सकाळी, एक संध्याकाळी. नाही म्हटलं तर ते नवरीला बाधतं, अशी तिची पक्की समजूत. आणि जिचं लग्न तिने लावलं ती जन्मभर 'माझी पोर'. बाजारात कुणी पोर दिसली की ही भर रस्त्यात तिची चौकशी करत उभी, आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागे.

फोन तिला माझ्या नणंदेने, दिपिकाने, दिला. दिपिका खारघरला राहते, बँकेत आहे. आई दिवसभर कुठल्या गावात असते कळत नाही, फोन उचलत नाही, म्हणून तिने त्यात एक ॲप घालून दिलं. त्यात नकाशा उघडला की ओळखीच्या माणसांच्या लहान लहान बाहुल्या दिसतात. माणूस जिथे, तिथे त्याची बाहुली. आईच्या बाहुलीला दिपिकाने हिरवी साडी नेसवली, डोक्यात गजरा घातला. फोनने विचारलं, लोकेशन कधी दाखवायचं? 'नेहमी'वर बोट ठेवून दिपिका मोकळी झाली. तिच्या मनात पाहणारे आम्ही घरचेच होतो.

पण मैत्रीच्या रिक्वेस्ट यायला लागल्या. आईच्या लेखी ती बोलावणीच. कुठल्याही अनोळखी तोंडाचा फोटो आला की ती म्हणायची, बिचाऱ्यानं आठवण केली, आणि अंगठा दाबायची. तिने लग्न लावलेल्या पोरी, त्यांचे नवरे, दीर, मांडववाले, बँडवाले, सगळे आत आले. लोकांनाही सोय झाली. फोन येण्याआधीच त्यांना ठाऊक असायचं की मावशी आज उलव्याला आहे, उद्या रिकामी असेल. आईला तर ती बाहुली भारीच आवडायची. तिच्याहून तरुण दिसते, असं मी म्हणायची, तेव्हा ती लाजायचीसुद्धा.

मग एका दुपारी मनस्वी आली.

हिचं लग्न आम्ही दोघींनीच लावलं होतं, उरणकडच्या एका गावात. नवरा प्रितेश. त्याचे डंपर चालतात, बोलायला गोड, आवाज कधी चढायचा नाही. मनस्वी दारात उभी राहिली तेव्हा तिचा एक कान सुजून बंद झाला होता. बापाने तिला आधी दोनदा समजूत घालून परत पाठवली होती, म्हणून या वेळी ती माहेरी गेलीच नाही. आईने तिला हाताला धरून आत बसवलं. मग म्हणाली, "लगीन मी लावलंय. मना बगायला पायजे."

आमच्या घरी ठेवणं शक्य नव्हतं, आळीतल्या भिंतींनाही नातेवाईक आहेत. नेऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक फार्महाउस आहे, मालक मुंबईचा, वर्षातून कधीतरी येतो. तिथे ललिता आणि तिचा नवरा बुधाजी राखण करतात. कातकरी जोडपं, आईला मानणारं. त्यांच्या खोलीत मनस्वी राहायला लागली. तिचा फोन प्रितेशनेच कधीचा फोडला होता, तेवढं एक बरं झालं. दिपिका एका वकीलबाईंशी बोलून कागदपत्रांच्या मागे लागली, आणि आई दर काही दिवसांनी नेऱ्याला जाऊन पोरीला बघून यायला लागली. कधी सुका जवळा, कधी तांदळाची भाकरी. लग्नसराई होती, आई गावोगाव फिरतच होती, कुणाला काही वाटलं नाही. पुढे आषाढ लागला, मांडव बंद झाले. नेऱ्याला जाणं चालूच राहिलं.

श्रावणात प्रितेशचा फोन आला. मी शेजारीच बसले होते. त्याने आधी आईची तब्येत विचारली, माझी विचारली. मग अगदी हसत बोलला, "मावशी, आता तं लग्ना नाय. मंग नेऱ्याला कोनाचं लगीन लावतंस?"

आई म्हणाली, देवाला जाते रे बाबा. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. हातातलं तांदूळ पाखडायचं सूप आईने खाली ठेवलं ते पुन्हा उचललंच नाही.

त्या दिवसापासून मी ज्याच्या त्याच्याकडे संशयाने बघायला लागले. कुणी सांगितलं असेल? सूरजच्या रिक्षातून आम्ही जायचो, माझा पहिला संशय त्याच्यावर. त्या गरिबाने रिक्षा थांबवली की मी तोंड फिरवून पुढे चालायला लागायची. मग वाटलं, शेजारीण. मग वाटलं, दूधवाला. प्रितेशची गाडी पांढरी, म्हणून रस्त्यात कुठलीही पांढरी गाडी हळू झाली की मी जवळच्या दुकानात शिरायची. आई दाराला कडी लावून बसायला लागली. आमच्या घराला दिवसा कडी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

उलगडा मासळी बाजारात झाला. मनिषा म्हणून एक पोर, तिचंही लग्न आईनेच लावलेलं, कोळंबी घेताना सहज म्हणाली, "मावशी, मागं नेऱ्याला गेलतीस ना? मी बगितला."

मी विचारलं, तू तिकडे कुठे होतीस?

"मी घरीच व्हती. फोनात बगितला."

तिने फोन काढून दाखवला. पनवेलचा नकाशा होता, आणि बाजाराच्या ठिकाणी हिरव्या साडीतली, गजरा माळलेली आमची आई उभी होती. इकडे खरी आई माझ्या बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत होती. तिचा हात कमरेच्या पिशवीतल्या फोनवर गेला. सूरज नाही, शेजारीण नाही. आईच्या कमरेला लावलेल्या पिशवीतूनच सगळं गेलं होतं.

घरी येऊन दिपिकाला फोन लावला. ती आधी स्वतःवर चिडली, मग रडली, मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता बंद करा, कसं करायचं ते सांगते. ॲपमध्ये लपायची सोय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक ॲपला 'नेहमी'च्या जागी 'परवानगी नाही' करायचं. दोन मिनिटांचं काम.

माझं बोट त्या बटणावर होतं, आणि आईने माझा हात धरला. म्हणाली, थांब. पोर तिथेच आहे अशी त्याची अजून खात्री नाही, म्हणून तो नुसता बघतोय. आज बाहुली नाहीशी झाली तर तो काय समजेल? आपल्याला कळलंय, हे समजेल. मग तो वाट बघणार नाही, सरळ नेऱ्याला जाईल.

हे खरं होतं. चालू ठेवावं तर तो बघतोय, बंद करावं तर तो येतोय.  आईनेच मग तोड काढली. उद्या बाहुली चालू राहील आणि फिरेलसुद्धा, पण नेऱ्याला नाही. फोन घेऊन मी चिरनेरला माझ्या माहेरी जायचं. आई फोनशिवाय नेऱ्याला जाणार आणि मनस्वीला वकीलबाईंच्या स्वाधीन करणार. दिपिकाने सगळं जुळवलं आणि माझ्याही फोनातलं लोकेशन बंद करायला लावलं.

सकाळी पनवेल स्टँडवरून मी एसटीत बसले. मांडीवर पर्स, पर्समध्ये आईचा फोन. सासूला पर्समध्ये घालून माहेरी निघाले, असं एरवी मी चारचौघींत हसून सांगितलं असतं. त्या दिवशी हसू कुठलं येतंय. फोन जड वाटत होता, खरंच जड.

चिरनेरला भाऊ कमळाकर कामाला गेला होता, वहिनीने चहा ठेवला. चहा पिऊन कप खाली ठेवते न ठेवते तोच अंगणात पांढरी गाडी येऊन थांबली. प्रितेश एकटाच उतरला, आत आणखी दोघे बसून राहिले. इतक्या लवकर तो येईल असं मला वाटलं नव्हतं. येईलच असंही खात्रीने वाटलं नव्हतं. तो येऊन पडवीत बसला, वहिनीकडे पाणी मागितलं, प्यायला. बहिणीची हळद आहे दिवाळीनंतर, मावशीला बोलावणं द्यायला आलो, म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर घरभर फिरत होती. मग ती मी पर्समधून काढून टेबलावर ठेवलेल्या आईच्या फोनवर थांबली.

"मावशी कुठं हाय?"

मी म्हटलं, आई घरीच आहे, फोन चुकून माझ्याकडे आला.

"चुकून," तो म्हणाला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आवाज तसाच, गोड. "बरा. मावशीला सांग, बोलावना दिलाय. मावशी कोनाला नाय म्हनत नाय."

गाडी वळली आणि पनवेलच्या रस्त्याला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो आता नेऱ्यालाच जाणार. आणि आईला सांगायचं कसं? आईचा फोन माझ्या हातात! मी माझ्या फोनवरून ललिताला लावला. तिकडे डोंगराखाली रेंज येते-जाते, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. दिपिकाला लावला, ती म्हणाली, वकीलबाई फोन उचलत नाहीयेत, गाडी चालवत असतील. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीत तोच दिसत राहिला. आई आणि ती पोर रस्त्यावर असतील आणि समोरून हा येईल, एवढं एकच चित्र. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला त्या दिवशी देवाचं नावसुद्धा धड आठवलं नाही.

घरी आले तर आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

मला रडूच फुटलं. तिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पोर सकाळीच वकीलबाईंच्या गाडीत बसली होती. संध्याकाळी ललिताचा फोन आला. दुपारी पांढरी गाडी फाटकाशी आली होती, तिघांनी खोलीत शिरून अंथरुणं उलटीपालटी केली, बुधाजी कोपऱ्यात उभा राहून इथं कोण नाय, एवढंच म्हणत राहिला, आणि शेवटी ते गेले.

दिपिका खारघरहून आली तेव्हा आईने फोन तिच्यासमोर ठेवला. एकेक ॲप उघडायचं, त्याला लोकेशनची परवानगी कशाला दिली ते बघायचं, आणि काढून घ्यायची. गाण्यांच्या ॲपला कशाला हवं होतं कुणास ठाऊक. शेवटी नकाशा उरला. हिरव्या साडीतली बाहुली पुसली गेली तेव्हा आईने एक सुस्कारा सोडला, तेवढाच. मग ओळखीच्या माणसांची यादी उघडायला लावली आणि विचारलं, यातून माणूस काढायचा कसा? दिपिकाने दाखवलं. प्रितेशच्या नावावर आईने स्वतःचा अंगठा ठेवला.

मी म्हटलं, त्याला कळेल.

"कळू दे. आता ती तिथं नाय."

मग मी बहिणीच्या हळदीचं विचारलं. आजवर परतवलेलं बोलावणं मला तरी आठवत नव्हतं. आईने फोन उपडा ठेवला. "त्या पोरीचा काय दोष नाय," ती म्हणाली. "पन नाय जानार."

 नवरीला बाधेल, हे तिच्या मनातून गेलं नव्हतं. ते मनात ठेवूनच ती नाही म्हणाली.

मी विचारलं, मनस्वीला नेलं कुठे? आई म्हणाली, "मी इचारलंच नाय. मना ठाव नसला तं माज्याकडून जानार नाय." मला आधी राग आला. मग चिरनेरची पडवी आठवली, माझ्या तोंडाकडे रोखलेली ती नजर आठवली, आणि मीही पुढे कधी विचारलं नाही.

आता पुन्हा लग्नसराई आहे. मावशी नकाशावर दिसत नाही म्हणून लोक कुरकुरतात, आणि त्या हळदीपासून उरणकडची दोन-तीन घरं आम्हाला बोलवायची थांबली. प्रितेश अधूनमधून आमच्या गल्लीतून गाडी हळू करून जातो. दाराला दिवसाही कडी असते. निघताना मनस्वीने आईला एवढंच सांगितलं होतं की कुणाकुणाच्या फोनवरून करीन, नंबर बदलत राहील, पण दर आठवड्याला एक रिंग देईन, उचलू नका.

गेले दोन आठवडे रिंग नव्हती. आई अन्नावरून उठत होती. परवा तर तिने फोन हातात घेतला, नकाशा उघडला आणि मला विचारलं, त्या पोरीची बाहुली दिसंल का गं कुठं? मी म्हटलं, आई, तिच्याकडे ॲप नाही, फोनसुद्धा नाही. "बरा हाय," ती म्हणाली, आणि तरी त्या नकाशाकडे बघत बसली. खरं सांगते, मीही बघत बसले.

आज सकाळी आम्ही दोघी वालाच्या शेंगा सोलत होतो. फोन वाजला, अनोळखी नंबर, एकदाच, आणि थांबला. आईचा हात शेंगेवर तसाच राहिला.

"हाय," ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.