थोरल्या घरावरून आलेली वायर

माझं रक्त घट्ट होऊ नये म्हणून मी रोज एक गोळी घेतो, आणि ते नको तितकं पातळ झालं नाही ना, हे बघायला दर पंधरा दिवसांनी जागृती येते. नेरूळच्या एका लॅबसाठी ती घरोघर जाऊन रक्त घेते. सकाळी सव्वासातला बेल वाजते. गोड बोलणं वगैरे तिला जमत नाही. "सर, मूठ," एवढंच म्हणते आणि मी मूठ आवळेपर्यंत काम झालेलं असतं. तिच्या आधीचा माणूस शीर शोधता शोधता माझ्या हाताची चाळण करून ठेवायचा. त्यामुळे या मुलीबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे.

वय बत्तीस-तेहतीस. लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल विचारलेलं तिला आवडत नाही. राहणार करावे गाव. वडील शिवा पूर्वी खाडीत जाळं टाकायचे, आता एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. पाच भावंडांची पाच घरं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून. त्यातलं पहिलं थोरल्या काकांचं, दिनानाथांचं. सगळे त्यांना आबा म्हणतात.

ही जागृती सुट्टीच्या दिवशी काय करते, हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. एकदा रक्त घेऊन झाल्यावर कापूस दाबत ती म्हणाली, "सर, तुमी टेलिफोनमध्ये होता ना? लाइन का तुटते, ते सांगाल?"

टेलिफोन खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. असा प्रश्न मला कुणी विचारला की माझी गोळी, चहा, सगळं राहून जातं.

ती टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून मारामारीचा खेळ खेळते. दोघं समोरासमोर, एकमेकांना लाथा-बुक्क्या. मला त्यातलं काही कळत नाही. मारामारी बघायची हौस आली तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. पण ती चांगली खेळते म्हणे. देशभरच्या खेळाडूंचा एक ग्रुप आहे, त्यांची लीग चालते, दर रविवारी संध्याकाळी सातला कुणातरी दोघांची एक मॅच. तिनं तिथं नाव घेतलं होतं 'गोजरा'. ही तिची आजी, म्हणजे आबांची आणि शिवाची आई. मासळी बाजारात या बाईच्या तोंडी लागायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून ते नाव.

या खेळात मधे कुणा कंपनीचं यंत्र नसतं. तुमचं यंत्र आणि समोरच्याचं यंत्र थेट एकमेकांशी बोलतात. एकाची लाइन गेली की खेळ तिथंच संपतो, आणि लाइन गेली की मुद्दाम तोडली हे समोरच्याला कळायला मार्ग नाही. हरायला आलं की वायर ओढून पळणारी मंडळी असतात, म्हणून लीगचा नियम कडक. तीन वेळा तुटली की बाहेर, आणि ग्रुपवर नाव जाहीर. जागृतीच्या दोनच मॅच झाल्या होत्या आणि दोन्ही तुटल्या होत्या. दोन्ही वेळा ती मागे होती, हे तिचं दुर्दैव. नागपूरचा शौनक नावाचा एक खेळाडू दुसऱ्या वेळी समोर होता. त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'गोजरा पळपुटी आहे.' बाकीच्यांनी त्यावर हसणारी तोंडं टाकली.

"हरले असते तर चाललं असतं सर," ती म्हणाली. "पळाले म्हणतात, ते नाय चालत."

आता याच शौनकशी तिची पुन्हा मॅच होती, दीड महिन्यानं. ती तुटली की संपलं.

मी विचारलं, तुमच्याकडे इंटरनेट येतं कुठून? तर खांबावरून एक वायर आबांच्या घरी, आणि तिथल्या डब्यातून, म्हणजे राउटरमधून, पुढं चार घरांना चार वायरी. हे काम केलं होतं तेजसनं. तेजस तिचा चुलतभाऊ, तिथल्याच केबलवाल्याकडे लाइनमन.

मी लगेच निदान केलं. तुझं यंत्र दोन दारांच्या आत बसलंय, बाहेरच्याला ते नीट सापडत नाही, म्हणून जोडणी अशक्त. खांबावरून नवीन लाइन घे, थेट. माझं हे भाषण पाऊण तास चाललं असावं, कारण तिला पुढच्या पेशंटचा फोन आला आणि आमच्या हिनं, वैशालीनं, आतून ऐकवलं, "रिटायर झाला तरी लोकांच्या घरात वायरी घालायची खोड जात नाही."

तेजस कामाचा माणूस. चार दिवसांत नवीन लाइन आणली. रविवारी जागृतीनं एका मैत्रिणीशी साधी मॅच खेळून पाहिली. सात वाजून सहा मिनिटांनी तुटली.

मी चकित. वेळ लिहून ठेवली होतीस का आधीची? तिनं मोबाइल काढला. एकदा सात-पाच, एकदा सात-आठ. आता हे काही जोडणीचं दुखणं नव्हे. घड्याळ बघून जाणारी लाइन म्हणजे कुणीतरी बटण बंद करतंय. मग तिलाच एकदम आठवलं, आणि ती कपाळाला हात लावून माझ्या सोफ्यावर बसली. ती सहसा बसत नाही.

झालं होतं असं. तेजसनं नवीन लाइन आणली ती आबांच्या घरी लावली, आणि हिला पुढं तीच जुनी वायर ठेवली. का? तर त्याचं उत्तर, "नवीन लाइन हाय. ती आबांकडं नको लागाया?" यात त्याचा काही दोष नाही. त्या गल्लीत पहिला फ्रिज थोरल्या घरी आला, पहिला टीव्ही तिथं आला, हंगामाचा पहिला जिताडा मासा तिथंच जातो. चांगली वस्तू आधी थोरल्या घरी, हे तेजसला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्याच्या हाताला ठाऊक होतं.

आणि त्या घरात तो डबा मानानं कुठं ठेवलेला, तर देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. दसऱ्याला त्याला झेंडूही वाहतात. रोज सातला आबा दिवा लावतात. लक्ष्मीच्या वेळेला घरात टीव्ही-बिव्ही काही चालू नको, म्हणून भिंतीवरचं मेनचं मोठं बटण खाली करून घराची वीज बंद करतात, श्लोक म्हणतात, पंधरा मिनिटांनी बटण वर. पाचही घरांचं नेट तेवढा वेळ जातं. याला बिघाड म्हणायचं, हे तिथं कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. जागृती इतर दिवशी सातला लॅबमध्ये असते. रविवारी तिच्या घरातल्या डब्यावर हिरवा दिवा जळत असायचा, तो बघून ती निर्धास्त.

मी म्हटलं, अगं मग डबा दुसऱ्या खोलीत हलवा. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी देव हलवा म्हणालो. म्हटलं, मोबाइलच्या नेटवर खेळ. लीगमध्ये ते चालत नाही. शेवटी म्हटलं, माझ्याकडे येऊन खेळ, माझी लाइन उत्तम आहे. हे मी अभिमानानं म्हणालो.

"तुमच्याकडून खेळले आणि नाय तुटली, तर बोलतील, घरून खेळताना तोडायची," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

म्हणजे खांबावरून थेट तिच्या घरात वायर, हा एकच उपाय उरला. तेजस तयार होईना. म्हणाला, आबांना विचार. शिवा तर उठून ड्यूटीवर निघून गेले. मला या सगळ्याचा वैताग आला. साधी वायर ती, वीस मीटरची, तिच्यासाठी एवढी खलबतं? मी तिला म्हटलं, जा आणि सरळ विचार. फार तर काय, नाही म्हणतील.

ती गेली. पुढचं तिनं सांगितलं तसं सांगतो.

आबा ओट्यावर जाळं विणत होते. आता खाडीत जात नाहीत, पण हात थांबत नाहीत. म्हणाले, "पाच घरांना एक वायर हाय. तुमाला येगली कशाला?"

"आबा, मी खेळते तवा मधेच लाइन जाते. लोक मना पळपुटी बोलतात."

"कोन लोक? त्यांनी तुला बगलाय काय?"

"नाय. नाव बगलाय."

"काय नाव लावलंस?"

"गोजरा."

आबांचा हात थांबला. आपल्या आईला नागपूरचा कुणी पळपुटी म्हणतोय, हे त्यांना पचायला जरा वेळ लागला असावा. मग ते म्हणाले, "घे वायर. पन येगली म्हंजे येगली. मंग मागं बगायचा नाय."

तिनं पहिले दोन शब्द ऐकले. तिनं मला सांगितलं तेव्हा मीही तेवढेच ऐकले. हो म्हणाले ना, मग झालं तर, असं म्हणून मी वैशालीला चहा टाकायला सांगितलं. शिवांनी मात्र त्या रात्री दुसऱ्यांदा भात घेतला नाही. हे तिला नंतर आठवलं.

रविवारी तेजसची वायर लागलेली होती. सातला मॅच सुरू झाली. शौनकनं सुरुवातीलाच लिहिलं, 'बघू आज कधी जाते.' जो आधी तीन डाव जिंकेल, त्याची मॅच. पहिला डाव त्याचा, दुसरा हिचा. सात-पाचला शेजारी आबांनी बटण खाली केलं. भिंतीपलीकडचा टीव्ही गप्प झाला, ते हिला ऐकू आलं.  लाइन जागची हलली नाही. दोन-दोन झाले. पाचव्या डावात ती मागे पडली, पार मागे, आणि तरीही लाइन होती. शेवटची लाथ बसली, तिचा माणूस आडवा झाला, आणि पडद्यावर हार पूर्ण लिहून आली.

शौनकनं लिहिलं, 'पूर्ण झाली. मी जे म्हणालो होतो ते चुकलं. सॉरी.' ग्रुपवरही तेच टाकलं.

पुढच्या फेरीच्या सकाळी दारातच ती म्हणाली, "सर, हरले!" मुलीच्या बारशाचे पेढे वाटत असल्यासारखी. मी तिला हसताना प्रथमच पाहिलं. मीही फार खूश झालो. आपलं ज्ञान कुणाच्या उपयोगी पडलं की म्हातारा माणूस जितका फुगतो, तितका फुगलो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो.

मग दोन महिने गेले. आबांच्या मुलीचं, सोनलचं, लग्न ठरलं. जागृतीनं लॅबमधून चार दिवसांची रजा आधीच टाकली होती. तिच्या आईनं हळद कुटायचं उखळ धुऊन उन्हात घातलं होतं. हळदीच्या दिवशी पहिलं उखळ धाकट्या जावेनं, म्हणजे जागृतीच्या आईनं, धरायचं, अशी त्यांच्यात रीत आहे.

काल जागृती आली ती नेहमीसारखीच. "सर, मूठ." सुई नीट लागली. पट्टी लावताना मी सहज विचारलं, मग, लग्नाची गडबड? तर म्हणाली, "आमाला आवतान आलं."

मला कळलं नाही. आमंत्रण आलं, मग चांगलंच की. तिनं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं, न रागावता. घरच्या लग्नाचं आवतण घरच्यांना देत नाहीत. घरचे बोलावतात. आवतण मिळतं ते पाहुण्यांना, सोयऱ्यांना, वेगळ्या चुलीला.

गुरुवारी सकाळी आबा आणि त्यांची बायको रखमाकाकी जागृतीच्या दारात आले. भिंतीला भिंत लागलेल्या घरातून, अंगावर बाहेर जायचे कपडे घालून. काकीच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट, आबांच्या हातात पत्रिका. पत्रिकेवर शिवाचं नाव, एकट्याचं. आबा दारातूनच म्हणाले, "शिवा, सोनलची हलद हाय. चुलीबंद या."

चुलीबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी, त्या दिवशी चूल न पेटवता. मान देऊन केलेलं बोलावणं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांनी नियम पाळला होता.

मग त्यांचं लक्ष जागृतीकडे गेलं. "तुजा खेल झाला काय?"

"हरले आबा."

"पन पुरा झाला ना?"

"हो."

"मंग झाला," आबा म्हणाले.

 वायर घे म्हणणारा मीच. त्या गल्लीत मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही, आणि वीस मीटरच्या हिशेबात मी काय तोडलं हे मला कुणी विचारलंही नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं. तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुमी काय करणार सर," आणि ट्यूबवर माझं नाव लिहू लागली.

निघता निघता मी विचारलं, आणि वडील काय म्हणाले?

 त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, असं तिनं सांगितलं. आबा आजवर त्या घरात आले की उंबऱ्याशीच टेकायचे, पाणी हवं असलं तर स्वतः आत जाऊन माठातून घ्यायचे. शिवा आत गेले, प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ती खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली, आणि आपल्या थोरल्या भावापुढं ठेवली. मग ताटलीत ठेवून पाण्याचा पेला आणला.